चौघांनी उचलायची वेळ अजून आलेली नाही

व्हीलचेअरसाठी लिफ्ट बसवायचा विषय सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत निघाला की त्याला होणारा विरोध विरोधासारखा येत नाही, मायेने येतो. “अरे, बाबांसाठी लिफ्ट कशाला? आम्ही चार पोरं आहोत की बिल्डिंगमध्ये. हाक मार, उचलून नेऊ!” पार्किंगमध्ये मांडलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवरचे सभासद माना डोलावतात, चहा येतो, सेक्रेटरी इतिवृत्तात ‘विषयावर सविस्तर चर्चा झाली’ असं लिहून मोकळे होतात. ज्यांच्यासाठी विषय निघाला ते बाबा तिसऱ्या मजल्यावर खिडकीशी बसलेले असतात. सभेला खाली येणं त्यांना जमलेलं नसतं.

नवीन पनवेल, खांदा कॉलनी, कळंबोली या भागांतल्या बिनलिफ्टच्या चार मजली इमारतींतून हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की त्याचा एकदा रीतसर समाचार घ्यायला हवा. ते खोटारड्या माणसांचं वाक्य नाही. बोलणाऱ्याला ते मनापासून वाटत असतं, आणि म्हणूनच लिफ्टचं कोटेशन बाजूला सारायला ते जितकं उपयोगी पडतं तितका दुसरा कुठलाच युक्तिवाद पडत नाही. पैसे नाहीत म्हणणाऱ्याशी वाद घालता येतो. खांदा द्यायला पुढे आलेल्याशी कसा घालणार?

घालू या. चौघांनी उचलून न्यायची आपल्यात एकच रीत आहे, आणि ती माणूस गेल्यावरची. जित्याजागत्या माणसाला उचलणं कसं असतं ते ज्यांनी फक्त देऊ केलंय, केलेलं नाही, त्यांच्यासाठी सांगतो. घडीची साधी व्हीलचेअर पंधरा-अठरा किलोची. तिच्यात सत्तर किलोचा माणूस. दोघं मागच्या मुठी धरतात, दोघं पुढून. पुढच्यांचा हात सवयीने हात टेकायच्या दांडीवर नाहीतर पाय ठेवायच्या पट्टीवर जातो. बऱ्याच खुर्च्यांत हे दोन्ही भाग मुळात काढता यावेत म्हणूनच बनवलेले असतात, त्यामुळे ऐन वळणावर ते हातात येतात. खुर्ची मागे कललेली असल्याने बसलेल्याला दिसतं ते फक्त जिन्याचं छत. लघवीची पिशवी लावलेली असेल तर ती कुणाच्या कोपराला लागते आहे याकडे त्याचं सगळं लक्ष. लँडिंगवर खुर्ची फिरवताना मागच्याचं मनगट भिंतीला खरचटतं, पुढच्याचा पाय पायरी शोधत असतो. “काका, घाबरू नका” असं चौघंही म्हणतात आणि चौघंही घाबरलेले असतात.

शिवाय हे चौघं मंगळवारी सकाळी अकरा वाजता असतात कुठे? एक सीएसएमटीच्या लोकलमध्ये, एक तळोज्याला फर्स्ट शिफ्टमध्ये, एक ऐरोलीच्या ऑफिसात आणि चौथा रात्रपाळी करून आत्ताच झोपलेला. म्हणजे बाबांनी दवाखान्यात जायचं ते रविवारी, नेमका दवाखाना बंद असतो तेव्हा. आणि प्रश्न नुसता दवाखान्याचा नाही. हाक मारूनच बाहेर पडता येणारा माणूस हळूहळू आपल्या गरजांना कात्री लावायला शिकतो. डॉक्टरसाठी हाक मारता येते, पण केस कापायला कशी मारायची? संध्याकाळी वडाळे तलावाकाठी जरा बसावंसं वाटलं म्हणून चार कामाच्या माणसांना कसं बोलवायचं? मग तो बोलवत नाही. आणि सोसायटी म्हणते, बघा, ते कुठे बाहेर पडतात, लिफ्ट वापरणार कोण?

उचलण्याच्या या सोयीचं सगळ्यांनी पाहिलेलं उदाहरण मुंबईतलं आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये विराली मोदी या व्हीलचेअर वापरणाऱ्या कार्यकर्तीला स्वतःच्या लग्नाच्या नोंदणीसाठी खारच्या विवाह नोंदणी कार्यालयात जायचं होतं. कार्यालय दुसऱ्या मजल्यावर, लिफ्टचा उपयोग नाही, आणि सही घ्यायला अधिकारी खाली यायला तयार नाहीत. शेवटी तिला उचलून वर नेलं गेलं. तिने ते जाहीरपणे लिहिलं, गदारोळ झाला, तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी माफी मागितली. तिला त्या दिवशी उचलणारी माणसं मिळाली नव्हती असं नाही. मिळाली होती. लग्न लागलं, नोंदणी झाली. ‘उचलून नेऊ की’वाल्यांच्या हिशेबाने सगळं व्यवस्थित पार पडलं. मग माफी कशाची मागितली गेली, याचा विचार त्यांनीच करावा.

“ते सरकारी ऑफिस होतं, आम्ही खाजगी,” हे पुढचं आवडतं उत्तर. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ सालचा, लागू झाला १९ एप्रिल २०१७ पासून. म्हणजे तो आणि १ ऑक्टोबर २०१६ ला स्थापन झालेली आपली पनवेल महानगरपालिका जवळपास एकाच वयाचे. या कायद्यात ‘खाजगी आस्थापना’ची व्याख्या आहे आणि तीत कंपनी, फर्म, ट्रस्ट यांच्या पंगतीला सहकारी संस्थाही बसवलेली आहे. ‘सार्वजनिक इमारत’ म्हणजे सरकारी तशीच खाजगीही. लोकांची ये-जा असली, धंदा चालत असला, दवाखाना असला की ती सार्वजनिक. कलम ४४ प्रमाणे नियमांत न बसणाऱ्या नकाशाला बांधकाम परवानगी द्यायची नाही आणि नियम पाळल्याशिवाय पूर्णत्वाचा दाखलाही द्यायचा नाही. जुन्या सार्वजनिक इमारतींना कलम ४५ ने नियम निघाल्यापासून पाच वर्षांची मुदत दिली होती. नियम निघाले जून २०१७ मध्ये. मुदत संपली जून २०२२ मध्ये. पहिल्या उल्लंघनाला दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे, पुढच्या प्रत्येकाला पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत.

यातली पळवाट कुठे होती तेही सांगतो. २०१७ च्या नियमांतल्या १५व्या नियमाने सुगम्यतेची मानकं ज्या भाषेत घातली ती शिफारशीची होती. पाळलीत तर उत्तम, अशा थाटाची. कायदा ‘केलंच पाहिजे’ म्हणतो आणि नियम ‘करावं’ म्हणतो. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी यांच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने हा नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक मानकं वेगळी काढून तीन महिन्यांत नियम करा असं केंद्राला सांगितलं. तेव्हा “गाइडलाइन आहे हो ती, कायदा थोडाच आहे” हे वाक्य ज्या आर्किटेक्टच्या तोंडी असेल त्याने ते आता बदलायला हरकत नाही.

इथे प्रतिपक्षाला एक गोष्ट मोकळेपणाने देऊन टाकतो. जुन्या, निव्वळ राहत्या इमारतीवर कलम ४५ चा बडगा सरळ चालत नाही, कारण ती त्या व्याख्येतली सार्वजनिक इमारत नव्हे. तुमच्या सोसायटीला उद्या नोटीस येणार नाही, निश्चिंत राहा. पण मग ‘कायदा लावत नाही म्हणून आम्ही करत नाही’ असं तोंडाने म्हणा आणि इतिवृत्तात तसंच लिहा. मायेच्या पांघरुणाखाली ते दडवू नका.

दुकानं आणि दवाखाने यांना मात्र ही सवलत नाही. पनवेलच्या बाजारपेठेत पाहा, खाली गाळे आणि वर पहिल्या मजल्यावर डॉक्टरांच्या पाट्या, अशी इमारत शोधावी लागत नाही. त्यात हाडांचे डॉक्टर असतात, फिजिओथेरपी असते. गुडघा दाखवायला अरुंद जिन्याच्या वीस पायऱ्या चढून जायचं, आणि वर गेल्यावर डॉक्टर सांगणार, जिने टाळा. अमेरिकेचा १९९० चा दिव्यांग कायदा लहान इमारतींशी बराच समजुतीने वागतो. तीन मजल्यांपेक्षा कमी असलेल्या खाजगी इमारतींना तिथे लिफ्टची सक्ती साधारणपणे नाही. पण या सवलतीतून दोन गोष्टी मुद्दाम वगळल्या आहेत. एक शॉपिंग सेंटर, दुसरा डॉक्टरचा दवाखाना. इमारत दोन मजलीच असली तरी तिथे आजारी माणूसच येणार, हे कायदा लिहिणाऱ्याला सुचलं. आपल्याकडे दवाखान्यासाठी गाळा भाड्याने घेताना ते किती जणांना सुचतं?

दुकानदाराचा युक्तिवाद आणखी सुटसुटीत असतो. “आमच्याकडे व्हीलचेअरवालं गिऱ्हाईक येतच नाही.” तीन पायऱ्या चढून ते कसं येणार होतं, हे विचारलं की मग हळूच, “लागलं तर पत्रा टाकतो ना.” हा पत्रा मी पाहिलाय. हिशेब करू. उतार एकास बारा हवा, हे मानक कुठल्याही आर्किटेक्टला झोपेतून उठवून विचारा. पंधरा सेंटिमीटर उंचीच्या एका पायरीला १.८ मीटरचा उतार. तिथे खरोखरच उचलता-ठेवता येणारा रॅम्प पुरतो, लिफ्टचा विचारसुद्धा करू नका. पण पनवेल हे गाढी नदीकाठचं गाव. २६ जुलै २००५ ला काय झालं ते ज्यांच्या गाळ्यात पाणी शिरलं त्यांना विचारायला नको. त्यामुळे जोतं उंच घेतलेलं असतं आणि ते चुकीचंही नाही. साठ सेंटिमीटर जोत्याला एकास बाराचा उतार म्हणजे ७.२ मीटर, वर-खाली वळायला दीड-दीड मीटर वेगळं. शटरपासून गटारापर्यंत जागा असते हातांनी मोजता येईल इतकीच. तेवढ्यात बसवलेला पत्रा साधारण एकास तीनचा होतो. त्यावरून चढवताना खुर्ची मागे उलटते आणि उतरवताना माणूस पुढे पडतो. पाऊस पडला की पाहायलाच नको.

अशा ठिकाणी उत्तर आहे ते बुटक्या उभ्या प्लॅटफॉर्म लिफ्टचं. साठ-नव्वद सेंटिमीटर उचलणारा, सव्वा मीटरभर लांबीचा पाट, कमरेएवढं दार, बाजूला कठडा. त्याला वर खोली लागत नाही, विहिरीसारखा खड्डाही लागत नाही. पाटाच्या जाडीपुरतं, काही सेंटिमीटर खोलगट केलं की भागतं. एकाच जोत्यावरच्या चार-पाच गाळेवाल्यांनी मिळून एक बसवला तर प्रत्येकाच्या वाट्याला फार मोठी रक्कम येत नाही. पण चार गाळेवाले एकत्र यायला हवेत, हा लिफ्टपेक्षा अवघड भाग.

आता “आमच्याकडे लिफ्ट आहे की!” म्हणणाऱ्यांकडे वळू. यांची संख्या वाढती आहे आणि आवाज मोठा. भारतीय मानकांप्रमाणे चार माणसांच्या, २७२ किलोच्या लिफ्टची केबिन आतून ११०० मिलिमीटर रुंद आणि ७०० मिलिमीटर खोल, दार ७०० चं. सहा माणसांची, ४०८ किलोची, ११०० बाय १००० आणि दार तेवढंच. व्हीलचेअर पाय ठेवायच्या पट्टीसकट १०५० ते ११०० मिलिमीटर लांब आणि ६५० ते ७०० रुंद. म्हणजे चारच्या लिफ्टमध्ये ती जातच नाही. सहाच्या लिफ्टमध्ये दारातून चामडी सोलत जाते आणि मग मागचं दार लागत नाही. व्हीलचेअरसाठी राष्ट्रीय बांधकाम संहितेत सांगितलेली लिफ्ट तेरा माणसांची असते, २००० बाय ११००, दार ९०० चं. पाटीवर ‘लिफ्ट’ लिहिलेलं असणं आणि खुर्ची आत जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि फरक मोजपट्टीने अर्ध्या मिनिटात कळतो. फ्लॅट पाहायला जाणारे लोक नळाचं पाणी चाखून पाहतात, लिफ्टचं दार मात्र मोजत नाहीत.

याहून जास्त चीड येते ती जुन्या इमारतींना बाहेरून चिकटवलेल्या नव्या लिफ्टची. चार मजली इमारतीत लिफ्टला जागा नसते, म्हणून जिन्याच्या बाहेरच्या भिंतीला लोखंडी सांगाडा उभा करून तिथे लिफ्ट बसवतात. त्या भिंतीला लागून असतं मधलं लँडिंग. त्यामुळे लिफ्ट थांबते दोन मजल्यांच्या मध्ये, आणि घराच्या दारापर्यंत उरतात आठ-नऊ पायऱ्या. गुडघेदुखीवाल्या आजींचा फायदा होतो, तो नाकारत नाही. पण खुर्चीवरच्या माणसासाठी ही लिफ्ट तीन मजले वर नेऊन शेवटच्या नऊ पायऱ्यांशी सोडून देणारी. सभासदांनी पैसे भरले, उद्घाटन झालं, नारळ फुटला आणि बाबा पुन्हा चौघांच्या हाती. ही गोष्ट नकाशा टेबलावर असताना कुणीतरी विचारायची असते: दार नक्की कुठे उघडतं? बाल्कनी किंवा मागच्या पॅसेजच्या बाजूने मजल्याच्या पातळीला उघडणारी जागा निघते का, ते आधी पाहायचं. निघत नसेल तर लँडिंगपासून मजल्यापर्यंत दुसरं छोटं यंत्र लागेल, ते त्याच कोटेशनमध्ये मागायचं.

हे सगळं ऐकून ज्यांचं मन वळतं ते मग विक्रेत्याला बोलावतात, आणि खरी फसगत तिथे सुरू होते. विक्रेता विचारतो, बजेट किती? हा प्रश्न तिसरा किंवा चौथा असायला हवा. पहिला प्रश्न असा की बसणारा माणूस खुर्चीतून स्वतः उठून दुसरीकडे बसू शकतो का? याचं उत्तर ‘नाही’ असेल तर जिन्याच्या कडेने रुळावरून सरकणारी खुर्ची, जिला सगळे स्टेअरलिफ्ट म्हणतात, यादीतून तिथल्या तिथे बाद. माहितीपत्रकात तिच्यावर हसऱ्या आजी बसलेल्या असतात. त्या आजींना दोन्ही टोकांना उठून बसता येतं, त्यांची व्हीलचेअर नसते. मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाला खाली एकाने उचलून त्या खुर्चीवर बसवायचं, वर दुसऱ्याने उचलून दुसऱ्या व्हीलचेअरवर बसवायचं. दोन व्हीलचेअर आणि दोन माणसं. पैसे दिले यंत्राचे आणि उचलणं तसंच राहिलं. स्वतःच्या बंगल्यात, स्वतःच्या जिन्यात, गुडघे गेलेल्या पण उभं राहू शकणाऱ्या माणसासाठी हीच खुर्ची अगदी चोख आहे. यंत्र वाईट नाही, भलत्याच माणसाला विकलं जातं.

जिन्यावरून अख्खी व्हीलचेअर नेणारा तिरका प्लॅटफॉर्मही असतो. रुंद जिन्याच्या शाळेला, सभागृहाला तो शोभतो. सोसायटीच्या अरुंद सामाईक जिन्यात मात्र तो उघडला की बाकीच्यांची वाट बंद. इथे “आग लागली तर पळणार कसं?” हा विरोधकांचा आक्षेप रास्त आहे आणि तो मी मान्य करतो. पण त्यावरून निघणारा निष्कर्ष ‘लिफ्ट नको’ हा नाही. निष्कर्ष इतकाच की ती जिन्यात नको, बाहेर उभी करा. हवेच्या दाबावर चालणाऱ्या पारदर्शक गोल लिफ्टबद्दलही लोक हौसेने विचारतात. दिसतात सुंदर, पण कमी व्यासाच्या नळीत माणूस उभाच राहू शकतो. व्हीलचेअर आत जाणारं मॉडेल मोठ्या व्यासाचं असतं, तेच आहे ना हे पाहून घ्या.

उरते उभी प्लॅटफॉर्म लिफ्ट, स्क्रूवर किंवा हायड्रॉलिकवर चालणारी, स्वतःचा सांगाडा घेऊन येणारी. दोन-तीन मजल्यांच्या जुन्या इमारतीला बहुतेक वेळा हीच लागते. तिच्याविरुद्ध हमखास येणारा आक्षेप म्हणजे फार हळू चालते. चालतेच. आंतरराष्ट्रीय मानकांत तिचा कमाल वेग सेकंदाला ०.१५ मीटर ठेवलेला आहे. नऊ मीटर, म्हणजे तीन मजले, चढायला एक मिनिट. चौघांना गोळा करायला किती लागतं? या लिफ्टची बरीचशी मॉडेलं बटण दाबून धरलं तरच चालतात, बोट सुटलं की थांबतात. सुरक्षेसाठी ते योग्य, पण ज्याच्या बोटात जोर नाही त्याने मिनिटभर बटण दाबून कसं धरायचं? त्याला तळहाताने रेटता येईल असं मोठं बटण किंवा दांडी लावून मागायची. मागितली तर मिळते. मापाचंही तसंच. मागे माणूस उभा राहणार असेल तर पाट ९०० बाय १४०० मिलिमीटरचा धरतात. आत एका बाजूने शिरून बाहेर काटकोनात निघायचं असेल तर रुंदी ११०० लागते, नाहीतर खुर्ची आतल्या आत वळतच नाही. पनवेलच्या चिंचोळ्या पॅसेजमध्ये बहुतेक ठिकाणी असा काटकोनच असतो, आणि कोटेशन मात्र समोरासमोर दारांचं येतं कारण ते स्वस्त.

मग पाऊस. कोकणातल्या पावसात उघड्यावरचं यंत्र म्हणजे गंजाला आमंत्रण, त्यामुळे वर छत आणि तिन्ही बाजूंनी आडोसा हवाच. जिथे तळमजल्यात पाणी येण्याचा इतिहास आहे तिथे मोटर आणि विजेचं पॅनल वरच्या अंगाला घ्यायचं, खड्ड्याला निचरा ठेवायचा, आणि पाट वर नेऊन उभा करून ठेवायची शिस्त वॉचमनला शिकवायची. वीज गेली तर बॅटरीवर खाली तरी येता आलं पाहिजे. ‘जनरेटर आहे’ हे उत्तर घेऊ नका, जनरेटरच्या लाइनवर लिफ्ट जोडलेली आहे का ते विचारा. आणि परवाना. १९३९ च्या मुंबई लिफ्ट कायद्याच्या जागी २०१७ चा महाराष्ट्र उद्वाहने, सरकते जिने व सरकते मार्ग अधिनियम आला आहे. “याला परवानगी लागत नाही” असं विक्रेता छातीठोकपणे सांगत असेल तर तेच वाक्य त्याच्या लेटरहेडवर मागा. छाती किती ठोकली ते कळतं.

“पुनर्विकास होणारच आहे, तोवर थांबा” हा शेवटचा आणि सगळ्यात सभ्य अडथळा. सिडकोकडून घर घेतलं तेव्हा पस्तिशीत असलेले आज पंचाहत्तरीत आहेत. पुनर्विकासाच्या बैठका होतात, बिल्डर बदलतात, संमतीपत्रं फिरतात, आणि पंचाहत्तरीच्या माणसाला सांगितलं जातं की अजून थोडी कळ काढा. सांगाड्यासकट उभी राहणारी प्लॅटफॉर्म लिफ्ट बोल्ट काढून दुसरीकडे नेता येते, विकताही येते. पुनर्विकासाला तिची अडचण नाही. उलट ज्यांना पुनर्विकासाचा खरंच उत्साह आहे त्यांनी नव्या टॉवरचा नकाशा आजच उघडावा आणि प्रवेशद्वारापासून लिफ्टपर्यंत मध्ये पायऱ्या किती आहेत ते मोजावं. स्टिल्टच्या इमारतीतही लॉबीसाठी दिमाखदार पाच पायऱ्या घालायची खोड आपल्या आर्किटेक्टना आहे.

“एका माणसासाठी सगळ्यांनी का भरायचं?” याला लोक उत्तर देतात की गरोदर बाईला होईल, सिलिंडरवाल्याला होईल, उद्या तुम्हालाच लागेल. खरं आहे सगळं. पण मी ते वापरणार नाही. उद्या मला लागेल म्हणून आज त्यांना द्यायचं, हा सौदा झाला. पाण्याची टाकी फुटली तर चौथ्या मजल्याला पाणी मिळत नाही म्हणून तळमजलेवाला वर्गणी नाकारत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या सभासदाने तुमच्याइतकाच मेंटेनन्स भरलेला आहे आणि त्या बदल्यात त्याला रस्त्यापर्यंत जाता येत नाही. हिशेब इथेच पुरा होतो. पनवेलकरांना दयेचं वावडं नाही. कुष्ठरुग्णांसाठी नेऱ्याला शांतिवन उभं राहिलं ते याच तालुक्यात. इथे मात्र दया मागितलेली नाही.

लिफ्ट बसल्यावरही एक जागा सांभाळायची असते, ती म्हणजे किल्ली. “पोरं खेळतात, बिघडवतात” म्हणून लिफ्टला कुलूप लागतं आणि किल्ली वॉचमनच्या खणात जाते. वॉचमन पंप चालू करायला मागे गेला की बाबा खाली अडकले. मी पाहिलेल्या एका व्यापारी इमारतीत तर प्लॅटफॉर्म लिफ्टवर पुठ्ठ्याचे खोके रचून ठेवलेले होते. विचारलं तर म्हणे, वापरत नाही कुणी. किल्ली वापरणाऱ्याकडे, एक जादा सेक्रेटरीकडे, आणि वर्षाच्या देखभालीचा करार लिफ्ट घेतानाच. त्यात तक्रार केल्यापासून किती तासांत माणूस येईल ते आकड्यात लिहून घ्यायचं. तिसऱ्या मजल्यावरच्या माणसासाठी ‘लवकरात लवकर’ या शब्दांना अर्थ नसतो.

ताबा घेताना कमिटीने फोटो काढण्याआधी एक काम करावं. ज्याच्यासाठी लिफ्ट घेतली त्याला त्याच्या घराच्या दारातून एकट्याला निघायला सांगावं. सोबत कुणी नको, मागे मूठ धरायला मुलगाही नको. दार उघडायचं, आत जायचं, बटण दाबून धरायचं, खाली यायचं, गेटच्या चॅनलवरून रस्त्यावर जायचं, कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून गोळ्या घ्यायच्या आणि तसंच परत घरात शिरायचं. जमलं तर ठेकेदाराचा शेवटचा चेक फाडावा. वाटेत कुठेही त्यांना “अरे, जरा हात लाव” म्हणावं लागलं, तर चेक खिशात ठेवावा आणि ठेकेदाराला बोलावून ती जागा दाखवावी.